लाल दोऱ्याचा सेल

गढ्याचा तलाव आटवला आहे हे मला दादाच्या फोनवरून कळलं. मी राहते जबलपूरला, त्याच गढा भागात, तलावापासून दहा मिनिटांवर, आणि बातमी येते पुण्याहून. "गाळ काढून राहिले म्हणे," तो म्हणाला. "जरा जाऊन पाहा ना. माझी पाणबुडी सापडली तं ठेवून घे. रविवारी तिथल्या कॉलेजात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, माझा सत्कार आहे. तिथं मांडता येईल." माझी पाणबुडी, म्हणे! चाळीसेक वर्षं झाली, तरी तो शब्द ऐकला की माझ्या कानशिलांना झळ लागते. मी म्हटलं, "पाहते." आणि छत्री घेऊन भर वैशाखात निघाले.

आटलेल्या तलावाचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. कुजलेले वेल, ओली चिकणमाती, आणि त्यात गंजलेल्या लोखंडाची आंबट धार. तळाशी मूर्तींचे वाळके सांगाडे पडले होते, चपला होत्या, एक सायकलीचं चाक होतं आणि शिंगाड्यांची काळी टरफलं तर ढिगांनी होती. माझ्या लहानपणी दसऱ्यानंतर हा सगळा तलाव शिंगाड्याच्या वेलांनी हिरवागार व्हायचा. घाटावर मोठ्या पातेल्यांत शिंगाडे उकडत आणि त्या वाफेला मातीचाच वास असे. मी काठावरच्या पिंपळाखाली बसले. पिवळं यंत्र गाळ उपसत होतं, आणि मला मात्र राळेचा वास येत होता.

राळेचा वास म्हणजे बाबांचा शनिवार. बाबा सरकारी खात्यात बिनतारी संच दुरुस्त करायचे. आठवडाभर तिथे तारांना राळ लावून, कथलाचे डाग देऊन झाळून यायचे आणि शनिवारी दुपारपासून घरी माझ्याबरोबर झाळत बसायचे. कबाड्याकडून त्यांनी निकालात काढलेले सेल आणले होते, निकेल-कॅडमियमचे, हिरव्या कागदी वेष्टणातले, हातात घेतले तर चांगलेच जड. कोणी टाकून दिलेली वस्तू बाबांना दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यातले बरेचसे मेलेले होते. काहींना बाबांनी जोराचा झटका देऊन उठवलं, काही उठलेच नाहीत. शेवटी अकरा जगले.

या सेलांचा एक विधी होता. भरायच्या आधी त्यांना पूर्ण रिकामं करायचं. बाबा प्रत्येकाला टॉर्चचा एकेक बल्ब जोडत आणि टेबलावर अकरा दिवे लागत. संध्याकाळ होत जाई तसे ते पांढऱ्याचे पिवळे होत, मग तांबूस, मग नुसती एक लाल तार उरे. स्वयंपाकघरातून पातोडीच्या रश्श्याचा वास येई. शेवटचा दिवा विझल्याशिवाय आम्ही दोघं जेवायला उठत नसू आणि आई चिडायची.

"याले आठवण असते बाई," बाबा सांगत. "अर्धाच वापरला अन् पुन्हा भरला, तं त्याले वाटते आपलं पोट एवढंच. म्हणून पूर्ण रिकामा करायचा. मग नव्यासारखा भरतो."

मी एकोणीस वर्षांची होते, बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलं होतं. सेलांचं मला तेव्हाच पटलं. स्वतःला मात्र तसं रिकामं करणं मला आजवर जमलेलं नाही.

अकरातला एक सेल कच्चा होता. चांगला दिसे, भरलाही जाई, पण काम लांबलं की सगळ्यांच्या आधी दमे. दहा सेल एका रांगेत जोडून मोटर चालवायची, आणि त्यातल्या एकाचा जीव संपला तरी बाकीचे नऊ थांबत नाहीत. त्याच्यातूनच जोर लावत राहतात. मग तो उलटा फिरतो आणि सगळ्यांची वाट अडवून बसतो. बाबांनी त्या सेलाला लाल दोरा बांधला होता. "हा माझ्यासारखा," ते हसून म्हणाले होते. "घरच्या कामाले चालते. ज्या दिवशी काम महत्त्वाचं, त्या दिवशी बाजूले ठेवायचा." त्या दिवसासाठी अकरावा, चांगला सेल बाबांनी स्वतः बनवलेल्या टॉर्चमध्ये असे. तो काढायचा, पाणबुडीत घालायचा, आणि लाल दोऱ्याचा बाहेर ठेवायचा. ही अदलाबदल माझं काम होतं. टॉर्च तेवढा वेळ रिकामी राही.

पाणबुडी माझी होती. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. कल्पना माझी, आकृती माझी, आणि हाताला पडलेले चटकेही माझे. जवळच्या पाटन गावी शेतीच्या पाइपांचं दुकान होतं. तिथून मी बसमध्ये मांडीवर घेऊन हातभर लांबीचा जाड प्लास्टिकचा पाइप आणला. एक टोक कायमचं बंद केलं. आत गुरांना टोचायची मोठी सिरिंज बसवली. मोटर दट्ट्या मागे ओढायची, सिरिंज पाणी प्यायची, बोट जड होऊन खाली जायची. एका जुन्या गजराच्या घड्याळाची चक्रं आत होती. दोन मिनिटं झाली की ती मोटर उलटी फिरवायची, पाणी बाहेर, आणि बोट वर. पहिल्यांदा ती अंगणातल्या हौदात बुडाली तेव्हा बाबा आणि मी काठाला धरून श्वास रोखून उभे होतो. दोन मिनिटांनी पाण्यातून घर्रर्र आवाज आला आणि तिचं पितळी नाक वर आलं. बाबांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी हौदातच पडायची.

ते पितळी नाक म्हणजे आईची परात. दुसऱ्या टोकाला उघडता येणारं झाकण हवं होतं आणि बाबांनी परातीचा तळ कापला. आईनं घर डोक्यावर घेतलं. "परातीचं झाकण करून राहिले! उद्या कणीक कशात मळू, तुमच्या रेडिओत?" बाबा म्हणाले, "परातीच्या बुडाले नाव नव्हतं तुझं, म्हणून घेतली."

हे बाबांचं नेहमीचं उत्तर होतं, कारण आमच्या घरी भांड्यांवर नावं बाबाच घालायचे. भांडीवाल्याकडे ते काम यंत्रावर होई. बाबा मात्र खिळा आणि हातोडी घेऊन पायरीवर बसत. टक, टक, टक. एकेक ठिपका, ठिपक्याला लागून ठिपका, आणि बघता बघता पेल्यावर अक्षरं उमटत. गल्लीतल्या मराठी घरांत लग्न निघालं की आहेराची भांडी आमच्याकडे येत. 'चि. सौ. कां. अमुक हिस, तमुककडून.' डोहाळजेवणाला, मुंजीला भांडी इकडची तिकडे जात आणि मग वाद होत. आई भांडं पालथं घालून नाव वाचायची. ज्याचं नाव त्याचं भांडं, वाद मिटला.

मग दादाचा वाद आला, आणि तो मिटवायला कोणी काही पालथं घातलं नाही. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, नागपूरच्या मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, मुलगा. जबलपूरला इंजिनिअरिंग शिकायला आला होता आणि आमच्या पुढच्या खोलीत राहत होता. राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, पण मोठेबाबांचा हुकूम तिथून सुटला की सरळ आमच्या ताटात येऊन पडायचा. एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "पाणबुडी दादाच्या नावानं जाऊ दे. त्याच्या कॉलेजचं प्रदर्शन आहे. त्याचं शेवटचं वर्ष आहे."

"अन् माझं काय?"

बाबा ताटात बघत राहिले. "तू केली हे आपल्याले माहीत आहे ना."

'आपल्याले' म्हणजे चार भिंतींना. त्या रात्री मी बाबांचा जेवढा तिरस्कार केला तेवढा पुढे कोणाचाच केला नाही, आणि माझा तिरस्काराचा हात काही आखडता नाही. दुसऱ्या दिवशी दादानं पाइपावर पांढऱ्या ऑइलपेंटनं स्वतःचं नाव रंगवलं. सावकाश, जीभ बाहेर काढून, पदवीसकट. पदवी मिळायला अजून सहा महिने होते.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी दादा टेबलाशी सेलांची रांग बांधत होता. झाकण बाबांनी चकचकीत करायला म्हणून मागच्या अंगणात नेलं होतं. तिथून टक टक आवाज येत होता. कोणाचा तरी पेला असेल, असं मला वाटलं. मी दारात उभी होते आणि टॉर्च माझ्या हातात होती, अदलाबदलीसाठी. तेवढ्यात दादाचं लक्ष लाल दोऱ्याकडे गेलं.

"हे काय लावून ठेवलं काकांनी? सेलाले पण नजर लागते का?" तो हसला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची आणि बाबांच्या पकडी-पेचकसांनाही दोरे असत. दादा स्वतःला फार शास्त्रीय समजायचा. "परीक्षक हसतील ना. इंजिनिअरच्या मॉडेलवर दोरा! चलो, हटाओ." त्यानं कात्री घेतली आणि दोरा कापला. मग दहाही सेलांना काळी पट्टी गुंडाळली. आता कच्चा कोणता आणि पक्का कोणता, बाहेरून काही कळायची सोय नव्हती.

मला सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. दादानं मान वर करून विचारलंसुद्धा, "सगळं ठीक आहे ना?"

"हो दादा," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

आणि टॉर्च जशीच्या तशी खुंटीला लावली. पोटात एक गोड ऊब पसरली, थंडीत पहिला घोट चहाचा घेतल्यावर पसरते तशी. मी त्या रात्री छान झोपले. सकाळी बाबांनी झाकण आणलं आणि कोणाला हात लावू दिला नाही. मेण लावून, आठ स्क्रू स्वतः आवळून त्यांनी ते बसवलं. सेल बदलला का, हे त्यांनी मला विचारलंही नाही. ते काम माझं होतं आणि मी कधी चुकले नव्हते.

तलावाच्या घाटावर मांडव घातला होता. बाबांच्या खात्यातले चौघं इस्त्रीचे शर्ट घालून आले होते. बाबांनीच बोलावलं होतं त्यांना. "उघडल्यावर आतून पाहा," असं बाबा त्यांना दोनदा म्हणाले. नियमच तसा होता, पाण्यातलं प्रात्यक्षिक झालं की परीक्षकांसमोर मॉडेल उघडून दाखवायचं. पहिली डुबकी नीट झाली. टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणाले, और एक बार. दुसरीही झाली. तिसऱ्या डुबकीला दादानं सगळ्यांना घड्याळं बघायला सांगितली. दोन मिनिटं झाली. तीन झाली. शिंगाड्याच्या वेलांमधून थोडे बुडबुडे आले आणि ते पण थांबले. लोक कुजबुजले, मग एक पोरगं जोरात हसलं. दोन शिंगाडेवाले पाण्यात उतरले, पण वेलांच्या जाळ्यात त्यांना काही सापडलं नाही. दादाचा चेहरा मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. कधीकधी मुद्दाम आणते.

पण दादा पक्का निघाला. तो परीक्षकांकडे वळून म्हणाला, "सर, डिझाइन में कोई कमी नहीं थी. काकाजी की कबाड़वाली बैटरियों ने धोखा दिया." नाव त्याचं, आणि बुडालं तर बाबांचं भंगार. खात्यातल्या चौघांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी तोंड उघडलं असतं तर बाबांच्या सेलांवरचा डाग तिथल्या तिथे पुसला गेला असता. मी उघडलं नाही. तुम्हीच दिली ना त्याला, मग भोगा, असं माझ्या मनात आलं. शब्दशः असंच आलं.

घरी येताना दिवेलागणीची वेळ झाली होती. गढ्याच्या बोळात खड्डे होते. बाबांनी सवयीनं पिशवीतून टॉर्च काढून बटण दाबलं, आणि ती लख्ख पेटली. लागायला नको होती. तिच्यातला सेल मी बोटीत घातला असता तर ती लागलीच नसती. रस्त्यावरच्या त्या पांढऱ्या गोल उजेडाकडे बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"अच्छा," ते म्हणाले.

काही पावलं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "झाकण मात्र मी घट्ट बसवलं होतं." मला वाटलं, पाण्याबद्दल बोलताहेत. पुढच्या शनिवारी टेबलावर दिवे लागले नाहीत, त्याच्या पुढच्याही लागले नाहीत. राळेचा वास घरातून गेला. बाबा त्यानंतर सोळा वर्षं जगले. आम्ही सगळ्या गोष्टी बोललो, माझ्या नोकरीच्या, आईच्या दुखण्याच्या. सेलांबद्दल एक शब्द नाही. दादावर सूड घेतल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. ते शनिवार मात्र माझ्याच हातानं गेले आणि त्याचाही राग मी दादाच्याच खात्यावर मांडत आले.

पिंपळाखाली बसल्या बसल्या यंत्र अचानक थांबल्याचं ऐकू आलं. खाली आरडाओरड झाली, माणसं मागे पळाली. आमच्या या तोफगोळ्यांच्या कारखान्यांच्या गावात मातीतून लांबट गोल काही निघालं की लोकांना आधी एकच शंका येते. मी छत्री टेकत गाळात उतरले. यंत्रावरचा मुलगा ओरडला, "अम्मा, पास मत जाओ! बम है!"

"बम नहीं है भैया," मी म्हटलं. "मेरा है."

पदरानं गाळ पुसला. पांढऱ्या ऑइलपेंटचा मागमूस नव्हता. ना नाव, ना पदवी. नुसता काळपटलेला पाइप आणि टोकाला काळंठिक्कर पितळ. बोट घरी आणून अंगणात धुतली. आठही स्क्रू तेल घालून, तासभर खटपट करून सोडवले. मेणानं आपलं काम चोख केलं होतं, आत पाणी फारसं गेलं नव्हतं. काळ्या पट्टीतले दहा सेल पांढऱ्या भुकटीनं भरले होते. मग मी परातीचं झाकण चिंचेनं घासायला घेतलं, भांडी घासतो तसं. बाहेरून पिवळं झालं. सवयीनं पालथं घातलं.

आतल्या बाजूला ठिपके होते. चिंचेचा कोळ पुसला आणि टक टक आवाज पुन्हा कानात आला, मागच्या अंगणातला, आदल्या संध्याकाळचा. ठिपक्याला लागून ठिपका. वर माझं नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. खाली: 'हिने बांधलेली बोट.' आणि त्याखाली, आहेराच्या भांड्यावर घालतात तसं, 'वडिलांकडून.'

मी अंगणातच बसले. पाणी पायाखालून वाहून गेलं. उघडल्यावर आतून पाहा, असं बाबा दोनदा का म्हणाले होते ते मला चाळीस वर्षांनी कळलं. मोठेबाबांना नाही म्हणायची बाबांची छाती नव्हती. म्हणून त्यांनी होकार दिला, आणि परीक्षकांच्या, खात्यातल्या चौघांच्या, सगळ्या कॉलेजच्या देखत दादाच्या स्वतःच्या हातानं ते झाकण उघडायची व्यवस्था केली. माझे गरीब, ताटात बघणारे बाबा! माझ्यापेक्षा कितीतरी पक्के निघाले. आणि त्यांचा सूड मी माझ्या सूडानं बुडवला. मी रडले, खूप रडले. मग उठून तोंड धुतलं, कारण आज शुक्रवार होता आणि दादा उद्या येणार होता.

शनिवारी दुपारी तो गाडीनं आला. गुडघे धरत पायऱ्या चढला. बोट मी जुन्या चादरीवर मांडून ठेवली होती, झाकण लावून, ताजं मेण घालून. त्यानं तिच्यावरून हात फिरवला आणि त्याचे डोळे खरंच भरून आले. स्वतःचीच समजत होता तो तिला, इतकी वर्षं सांगून सांगून.

"नाव गेलं ना माझं," तो म्हणाला. "उघडून पाहिली का?"

"मी काहून उघडू? तुझी आहे ना."

"हां, ते बी खरं." तो खूश झाला. "इथंच उघडू का?"

"इथं नको, गाळ सांडेल घरात. तिथंच उघड, सगळ्यांसमोर. लोकांनाही आत काय आहे ते पाहावंसं वाटेल."

"वा! तू येऊन राहिली ना उद्या?"

"येते की. पहिल्या रांगेत बसते."

त्यानं बोट उचलून पाहिली. वजन बरोबर होतं. दहाही सेल मी काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी कुंडीतली वाळू पिशवीत बांधून ठेवली होती. काळी पट्टी सोडून, वेष्टणावर राहिलेल्या दोऱ्याच्या वळावरून कच्चा सेल शोधला आणि त्याला पुन्हा लाल दोरा बांधला होता. तो आत देव्हाऱ्याशेजारी, बाबांच्या चष्म्याजवळ ठेवला आहे. पाणबुडी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून दादानं तिला पट्टासुद्धा लावला. मग दार लावता लावता थांबला आणि चाळीस वर्षांपूर्वीसारखीच मान वर केली.

"सगळं ठीक आहे ना?"

"हो दादा," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे." आणि बाबांचा पेचकस त्याच्या हातात दिला. "हा घेऊन जा. आठ स्क्रू आहेत, तेल घातलंय, लगेच निघतील."